बिरजामायची दोरी

फार वर्षांपूर्वी, आमचा तलाव आजच्या दुप्पट होता आणि गाव आजच्या निम्मंही नव्हतं, तेव्हा हिरडपारात बिरजा नावाची एक सुईण राहत होती. तिला पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही, आणि तिला पाहिलेल्यांना पाहिलेलंही कुणी नाही. पण गोष्ट उरली आहे. गोष्ट बायकांच्या दुखण्याची आहे. म्हणून आधीच सांगून ठेवतो, ऐकताना कुणी मान खाली घालायची नाही आणि कुणी कुणाला कोपराने ढोसायचं नाही. ज्याला लाज वाटेल त्याने घरी जाऊन भाकरी खावी. आमच्याकडे ही गोष्ट पोराबाळांसमोर, म्हाताऱ्यांसमोर, सगळ्यांसमोरच सांगतात.

तर हिरडपार म्हणजे पाण्याचं गाव. आषाढात भाताची रोवणी लागली की बाया दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत गुडघाभर चिखलात वाकलेल्या असायच्या. कार्तिकात तलावातले शिंगाडे काढायचे, तेव्हा छातीभर पाण्यात. लुगड्याचा काष्टा सकाळी भिजला की अंगावरच वाळायचा, आणि वाळायच्या आत पुन्हा भिजायचा. त्यातून बायांना एक दुखणं जडत असे. खाज सुटे, आग होई, लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी येई, आणि अंगावरून पांढरं जाई, फुटलेल्या दह्यासारखं. या दुखण्याला गावात नाव नव्हतं. अगदीच सांगायची वेळ आली तर बायका म्हणत, पाण्यानं धरलं.

पाण्यानं धरलं म्हणजे कुणी धरलं? तर साती आसरांनी. तलावात सात आसरा राहतात, आणि मनाने मळकी बाई पाण्यात उतरली की त्या तिला धरतात, असं म्हणतात. आता सांगा, आपलं मन मळकं आहे हे कुठली बाई आपल्या तोंडाने सांगेल? म्हणून कुणीच काही बोलत नव्हतं. गावातल्या निम्म्या बाया एकच दुखणं सोसत होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकटीच.

त्या गावात सगुणी नावाची मुलगी सून होऊन आली. तिचं माहेर वरच्या अंगाला, कोरडवाहू मुलखात. तिथे ज्वारी पिकायची, आणि पाणी म्हणाल तर विहिरीतलं, तेही प्यायपुरतं. हे दुखणं तिकडे कुणाला ठाऊकही नव्हतं. पहिल्याच रोवणीत तिला पाण्याने धरलं. तिने ते लपवलं, जसं सगळ्या लपवत होत्या. पण पुढच्या कार्तिकात शिंगाडे काढायला उतरताना ती तलावाच्या पाळीवर, काठच्या बांधावरच थबकली, पाय पुढे पडेना, आणि तिच्या सासूच्या ते ध्यानात आलं. सासूचं नाव कौतिका. बाई कडक होती. बोलायची थोडं, आणि बोलली की पुन्हा बोलायची नाही.

कौतिकाने सुनेला भगताकडे नेलं. भगताने नारळ फोडला, हिरव्या बांगड्या आणि हळदकुंकू पाण्यात सोडायला लावलं, आणि सगळ्या गावासमोर विचारलं, तुझ्या मनात काय आहे ते आसरांना सांग. सगुणीच्या मनात एवढंच होतं की आग होते आहे. पण ते तिथे सांगण्यासारखं नव्हतं. मग नवरा मोतीराम बाजाराच्या गावी वैद्याकडे गेला. माणूस भला होता, पण आईपुढे त्याचं तोंड शिवलेलं. वैद्याने बाईमाणसाला आत बोलावलंच नाही. मोतीरामलाच विचारलं, काय होतं तिला? मोतीरामने पागोटं काढलं, पुन्हा घातलं आणि म्हणाला, पोटात दुखत असेल. दुखणं बायकोचं, प्रश्न नवऱ्याला, औषध पोटाचं. ती पुडी सगुणीने इमानाने खाल्ली.

शेवटी तिचं तिने सुरू केलं. राखेने धू, चुन्याच्या निवळीने धू, दिवसातून कितीदा तरी धू. कातडी सोलून निघाली, पण आग काही जाईना. तेव्हा एका दुपारी ती बिरजाच्या खोपटात गेली.

बिरजा विधवा होती आणि गावाबाहेर पाळीच्या टोकाला एकटी राहायची. गावात जन्मलेलं प्रत्येक मूल आधी तिच्या हातात पडलं होतं, त्यामुळे तिला मोठेपणा दाखवायची कुणाची छाती नव्हती. ती काही ऋषीमुनी नव्हती हो. तंबाखू खायची, पाटलालाही अरेतुरे करायची, आणि हट्टाला पेटली की बैलसुद्धा तिच्यापुढे शहाणा वाटायचा. पण तिने सगुणीला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "कुठं दुखते तुले, माय?"

सगुणी रडायला लागली. रडत रडत तिने सगळं सांगितलं. बिरजाने राखेचं ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला. "राखेनं भांडे घासतेत व," ती म्हणाली. "अंग नाई." तिने कडुलिंबाचा पाला उकळून, कोमट करून दिला आणि सांगितलं, वरवर हलक्या हाताने धू, आत काही घालू नकोस, भाताच्या बांधीतून आलीस की आधी कोरडं नेस.

सगुणीला आराम पडला. तिने बिरजाच्या पायांवर डोकं ठेवलं. आणि महिना झाला नाही तोच पाण्याने पुन्हा धरलं.

बिरजाने पुन्हा औषध दिलं, पुन्हा आराम, पुन्हा तेच. असं किती वेळा झालं याचा हिशेब कुणी ठेवला नाही. बिरजा रानोमाळ फिरली. कुडा आणला, पळसाची साल आणली, तुरटी आणली. ती स्वतःशीच बोलायची, माझं औषध खोटं नाही आणि पोरीचं दुखणंही खोटं नाही, मग या दोघांच्या मधे कोण बसलं आहे? तिला झोप लागेना, असं म्हणतात.

इकडे कौतिकाचा धीर संपला. लग्नाला चार वर्षं झाली होती, घरात पाळणा हलला नव्हता. तिने मोतीरामसमोर सुनेला सांगितलं, "आता आखरी. या रोवणीत फिरून धरलं, तर बंडी जुंपतो आन् तुले मायच्या घरी सोडतो. मोतीरामले दुसरी करून आणतो." सगुणीच्या माहेरी बाप नव्हता, भाऊ धाकटे होते, आणि परत आलेल्या मुलीला तिथे कसं खावं लागतं ते तिने आपल्या आत्याच्या बाबतीत पाहिलं होतं. तिला हिरडपारातून जायचं नव्हतं. तिला तिचं घर हवं होतं, इतकंच.

त्या वर्षी रोवणी अर्धी झाली आणि पाण्याने तिला धरलंच.

घरी कुणाला कळायच्या आत ती बिरजाकडे आली. आभाळ उघडलं होतं, ऊन चकचकीत पडलं होतं, पण ती बांधीतून थेट आल्यामुळे कमरेपर्यंत चिंब होती. बिरजाने तिला नेसायला कोरडं लुगडं दिलं. बाया तेव्हा लुगड्याच्या आत जुन्या कापडाची एक घडी लावत. तीही ओलीच असणार, म्हणून बिरजा खोपटामागे गेली, बोरीच्या झुडपावरून आपली एक घडी काढून आणली आणि तिच्या हातात दिली. सगुणीने ती हातात धरली आणि तिचा चेहरा बदलला.

"हे तं गरम हाये," ती म्हणाली. "चुलीपाशी ठेवलं होतं का?"

"नाई. उन्हात."

सगुणीच्या हातातून कापड खाली पडलं.

आता हे का पडलं ते सांगितलं पाहिजे. हिरडपारात तेव्हा रीत होती की बाईच्या आतल्या कापडावर सूर्यनारायणाची नजर पडू द्यायची नाही. नजर पडली तर उन्हाला विटाळ होतो, आणि विटाळलेल्या उन्हात शिंगाड्याची वेल कुजते, असं म्हणतात. सासरा, दीर यांच्या नजरेचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून बाया ते कापड धुऊन धान्याच्या कोठीमागे, अंधाऱ्या कोपऱ्यात दडपून ठेवत. तिथे ते वाळत नसे. नुसतं गार होत असे.

बिरजाला सासरा नव्हता, दीर नव्हता, शेजार नव्हता. ती बोरीवर टाकत आली होती आणि हे कुणाला कळू नये म्हणून जपत आली होती. तीही रोवणी करायची, तीही शिंगाड्याच्या पाण्यात उतरायची. तिला पाण्याने कधी धरलं नव्हतं. हे तिच्या ध्यानात त्या घटकेपर्यंत आलंच नव्हतं, कारण जे लपवायचं ते माणूस स्वतःपासूनही लपवतो. ज्याची तिला लाज होती त्यातच गुण होता, आणि ती कडुलिंबासाठी रान पालथं घालत बसली होती.

ती म्हणाली, "तुझं कोठीमागचं कापड आण."

सगुणीने ते पळसाच्या पानात गुंडाळून आणलं. दोन दिवसांपूर्वी धुतलेलं कापड अजून दमट होतं. त्यावर काळे ठिपके उठले होते आणि धान्याच्या बंद पेवाचा वास येत होता. बिरजाने ते उलटसुलट केलं. "याले बुरशी लागली व माय," ती म्हणाली. "मी धू म्हणतो आन् तू धुते. मंग हेच फिरून अंगाले लावते."

तिने ते कापड उकळत्या पाण्यात टाकलं, चांगलं खळखळू दिलं, पिळलं. मग काथ्याची एक दोरी घेतली आणि पाळीवरच्या दोन मोहाच्या झाडांना बांधली, जिथे दिवसभर ऊन असतं आणि जिथून सगळं गाव येतं जातं. खोपटामागे बोर होतीच की. पण बिरजा म्हणाली, एका पोरीला झुडपाआड बरं करून काय करू, बाकीच्या कोठीमागे बसल्या आहेत. तिने सगुणीचं कापड दोरीवर टाकलं आणि शेजारी आपलं.

"मामाजी पाहतीन," सगुणी सासऱ्याच्या धाकाने म्हणाली.

"पाहू दे. दोन्ही माझेच हायेत म्हणून सांगतो."

दुपार व्हायच्या आत गाव जमलं. पाटील आला, पंच आले, भगत आला. शिंगाडा कुजेल, आसरा कोपतील, ऊन बाटलं, असा एकच गलका झाला. काढ म्हणून पाटलाने हुकूम सोडला. बिरजा दोरीखाली मांडी घालून बसली होती, तोंडात तंबाखू होता. ती म्हणाली, "ज्याले काढायचं त्यानं काढावं. मी काई धरून ठेवलं नाई."

पाटलाने पंचांकडे पाहिलं. पंचांनी भगताकडे पाहिलं. भगताने तलावाकडे पाहिलं. बाईच्या आतल्या कापडाला हात लावील असा पुरुष त्या गावात जन्मलाच नव्हता, आणि काठीने पाडलं तरी काठी बाटणार. ज्या रितीने त्यांनी बायकांना बांधलं होतं, तिनेच त्यांचेही हात बांधले. दोरी तिथेच राहिली. मग पंचांनी एवढंच ठरवलं की बिरजाशी कुणी बोलायचं नाही, तिला विस्तव द्यायचा नाही, तिच्या हातून बाळंतपण करून घ्यायचं नाही. बाकीचं आसरा बघून घेतील.

आणि त्याच दिवशी आभाळ भरून आलं. मग पाऊस असा लागला की थांबेना. उन्हालाच विटाळ झाला, म्हणून सूर्य तोंड दाखवत नाही, असं लोक म्हणायला लागले. बिरजाची चूल विझली. पण तिने दोरी सोडली नाही. सर आली की कापडं काढायची, सर गेली की पिळून पुन्हा टाकायची. पोरं लांबून तिची नक्कल करत. ती चिंब भिजून मोहाला टेकून बसलेली असायची आणि वर बघायची. तिने सूर्याला हाक मारली आणि म्हणाली, तू रोज सगळ्या गावाची घाण पाहतोस, आमच्या चिंधीनेच बाटतोस का रे, असं म्हणतात. म्हणाली असेल. तिचं तोंड तसंच होतं.

एका संध्याकाळी कौतिकाने कोठीमागे हात घातला. सुनेचं कापड तिथे नव्हतं. तिने विचारलं, "तुझं कापड कुठं हाये?"

सगुणी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. खोटं बोलली असती तर त्या रात्रीपुरती वाचली असती. पण बिरजा तिकडे पावसात बसली होती. "दोरीवर," ती म्हणाली. "बिरजामायच्या दोरीवर. मले फिरून धरलं हाये. बंडी जुंपायची तं जुंपा. पर चार वर्स झाले, तुले दुखते का म्हणून या घरात मले कोणी इचारलं नाई. तिनं इचारलं."

कौतिकाने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग एवढंच म्हणाली, "मोतीराम, सकाळी बंडी जुंप."

त्या पहाटे पाण्याला गेलेल्या बायांना परतायला बराच उशीर झाला, एवढं लोकांच्या लक्षात राहिलं. पाऊस थांबला होता. मोतीरामने बैल जुंपले. सगुणी आपलं गाठोडं घेऊन बसली, कौतिका तिच्या समोर बसली. सगुणीच्या माहेरची वाट गावाच्या वरच्या अंगाने जात होती. कौतिका म्हणाली, "पाळीवरून घे."

बंडी पाळीवर चढली आणि ऊन पडलं. इतक्या दिवसांनी पडलं की बैलसुद्धा थबकले, असं म्हणतात. मोहाच्या झाडांपाशी गाव गोळा झालं होतं. दोरीवर बिरजाची आणि सगुणीची कापडं होतीच. त्यांच्याशेजारी आणखी सात कापडं वाळत होती. कुणी टाकली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बिरजा मोहाला टेकून गाढ झोपली होती. ऊन तिच्या तोंडावर आलं तरी ती उठली नाही.

सगळ्यांत आधी भगत खाली वाकला. "सात हायेत," तो म्हणाला. "साती आसरा हायेत."

मग पाटलाने पागोटं काढलं. पंचांनी हात जोडले. ज्या जन्मभर पाण्यात राहतात त्यांना पाण्याचं दुखणं नसेल कसं? त्याही बायाच. त्यांनीही आपली कापडं या उन्हात आणून टाकली, बिरजाच्या शेजारी टाकली. पुरुष पाळीवरून मागे सरले आणि तोंड फिरवून उभे राहिले. कौतिका मोतीरामला म्हणाली, बंडी फिरव, घरी घे. आसरांनीच न्याय केला, आता सुनेला कोण काय म्हणणार?

त्या कार्तिकात शिंगाडा कुजला नाही. उलट इतका आला की भाराने डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, पाण्याखाली जाऊ लागल्या, असं म्हणतात. सगुणीने कापड उन्हात वाळवलं, बिरजाने सांगितलं तसं सगळं केलं, आणि पाण्याने तिला पुन्हा धरलं नाही. तिला पुढे मूलबाळ झालं की नाही याविषयी आमच्याकडे दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतांची माणसं भांडखोर आहेत, म्हणून मी त्यात पडत नाही. पण घर तिचं राहिलं. ती त्याच घरात म्हातारी झाली.

म्हातारपणी शिंगाडे सोलायला बसली की तिने बायांना आणखी एक गोष्ट सांगितली. त्या सकाळी बंडीतून तिने दोरीकडे नीट पाहिलं होतं. सातांतल्या एका कापडाला तांबड्या चिंधीचं ठिगळ होतं. ते ठिगळ तिने स्वतःच्या हाताने लावलं होतं, सासूच्या जुन्या लुगड्याला. तिने समोर पाहिलं, तर कौतिका मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होती. तीस वर्षं त्या बाईने कोठीमागच्या अंधारात तेच सोसलं होतं, आणि आपलं मन मळकं म्हणून सोसलं होतं. दोघी एकमेकींशी याबद्दल मरेपर्यंत एक शब्दही बोलल्या नाहीत. बाकीची सहा कापडं कुणाची ते त्या सहा घरांना माहीत. आमच्यातले पुरुष अजून आसराच सांगतात. बाया ऐकून घेतात.

बिरजा फार वर्षांनी गेली, ऐन श्रावणात. सरपण भिजलेलं, आभाळ फाटलेलं. तिचं मढं पाळीवर आणलं आणि तेवढ्या पाळीवर ऊन पडलं. चारी बाजूंनी पाऊस, आणि मधे ऊन. चिता विझेपर्यंत ते ऊन हललं नाही, असं म्हणतात.

आजही आमच्या तलावावर त्या दोन मोहांच्या जागी दोन मोह आहेत आणि त्यांना दोरी आहे. रोवणी संपली की गावातल्या सगळ्या बाया एके दिवशी आपली कापडं तिथे वाळत घालतात, आणि त्या दिवशी पुरुष पाळीवरून जात नाहीत, वरच्या वाटेने वळसा घालतात. दवाखान्याच्या नर्सबाई त्या दिवशी मोहाखाली बसतात. आता मलम आहे, गोळ्या आहेत. उन्हाने सगळंच बरं होत नाही, परत परत धरत असेल तर तपासून घ्या, रक्तातली साखरही बघून घ्या, असं त्या सांगतात. बाया त्यांना उघड सांगतात. दुखण्याला आमच्याकडे आता नाव आहे. बिरजामायचं दुखणं म्हणतात, आणि ते नाव घेताना कुणी आवाज खाली करत नाही.

आणि लग्न होऊन नवी सून दारात आली की माप ओलांडायच्या आधी सासू तिला अंगणात नेते. उन्हाच्या बाजूला एक कोरी दोरी बांधते, ती तिची. मग सगळ्यांसमोर तिला विचारते, "तुले काई दुखते का, माय?" सुनेला उत्तर द्यावंच लागतं, नाही तर नाही, पण तोंडाने. नवी पोर असते, लाजते, खाली बघते, वाजंत्री थांबलेली असतात, पाहुणे भुकेजलेले असतात. सासू तिचा हात धरून उन्हात उभी राहते आणि ती बोलेपर्यंत तिला आत नेत नाही.